जानेवारी म्हणजे चूल: तुर्की शब्दांचे अर्थ कुठून कुठे जातात

जून २०२२ मध्ये तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की यापुढे आम्हाला सगळ्या भाषांत 'तुर्किये' म्हणा. मागणी लगेच मान्य झाली. कारणं बरीच दिली गेली, पण जगभर चघळलं गेलं ते एकच. इंग्रजीत या देशाचं नाव आणि नाताळात भाजून खाल्ल्या जाणाऱ्या एका पक्ष्याचं नाव सारखंच आहे, आणि बोलीभाषेत त्या शब्दाचा आणखी एक अर्थ 'सपशेल आपटलेली गोष्ट' असाही होतो. कुठल्या देशाला आवडेल?

गंमत पुढेच आहे. या टर्की पक्ष्याला खुद्द तुर्की भाषेत म्हणतात 'हिंदी', म्हणजे हिंदुस्तानचा. फ्रेंचांनीही त्याला हिंदुस्तानच्याच खात्यावर टाकलंय. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, दक्षिण अमेरिकेतल्या देशावरून. पक्षी बिचारा मेक्सिकोत माणसाळलेला. युरोपात तो पोचला तेव्हा 'इंडीज' म्हणजे नेमकं कुठे याचाच घोळ होता, आणि इंग्लंडमध्ये तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या दुसऱ्याच एका कोंबडीवर्गीय पक्ष्याचं नाव याला चिकटलं. तुर्कीत मक्याला 'मिसिर' म्हणतात, म्हणजे इजिप्त. संत्र्याला 'पोर्ताकाल', म्हणजे पोर्तुगाल. नारळाला 'हिंदुस्तानचं अक्रोड'.

तुर्की मालिका हल्ली आपल्याकडेही पाहिल्या जातात. मूळ आवाजात पाहिल्या तर मधूनच दोस्त, दुश्मन, दुनिया, किताब, मैदान असे ओळखीचे शब्द कानावर येतात आणि प्रश्न पडतो: हे शब्द त्यांचे की आपले? खरं तर दोघांचेही नाहीत. दोस्त आणि दुश्मन फारसी, दुनिया आणि किताब अरबी. पण शब्द कुठला हा सोपा प्रश्न झाला. तो फिरत फिरत काय काय अर्थ अंगाला लावून घेतो, हा खरा गुंता. तुर्कीत तो गुंता इतका स्वच्छ दिसतो की भाषेबद्दल कुतूहल असलेल्या कुणीही तो एकदा पाहावा. (तुर्की उच्चार देवनागरीत नेमके उतरत नाहीत. इथे जवळपासचे लिहिले आहेत.)

## दोन प्रश्न, एक शब्द

शब्द मुळात कशापासून तयार झाला हे शोधणं म्हणजे व्युत्पत्ती. तो तयार झाल्यावर त्याचा अर्थ कसा सरकत गेला हा दुसरा प्रश्न, आणि त्यासाठी आपल्याकडे एक जुना, नेमका शब्द आहे: लक्षणा. शब्दाचा सरळ अर्थ बसत नाही तेव्हा त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ आपण घेतो. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे वाक्य ऐकून कुणी काचा वेचायला जात नाही.

लक्षणेचा संबंध दोन प्रकारचा असतो. एक साम्याचा: नदीचं 'मुख', घाटाचा 'माथा'. यालाच सैलपणे रूपक म्हणू. दुसरा सहवासाचा: इजिप्तहून आलं असं वाटलं म्हणून मका झाला 'इजिप्त'. तिथे साम्य काहीच नाही, फक्त येण्याचा रस्ता. तुर्कीत या सगळ्या प्रकाराला 'मेजाझ' म्हणतात. तो अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ 'ओलांडून जायची जागा'.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'रूढी' लक्षणेचं उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला. मुळात कुश नावाचं धारदार गवत हात न कापता तोडणारा तो कुशल. आज कुशल सुतार म्हणताना गवत कुणाच्याही मनात नसतं. लक्षणा इतकी रुळली की ती लक्षणा आहे हेच विसरलं गेलं. जुनं पातळ फाटलं की त्याची गोधडी होते आणि गोधडी विरली की पायपुसणं, तसं हे काहीसं. फरक एवढाच, की भाषेत गोधडी शिवून झाल्यावरही मूळ पातळ कपाटात घडी घातलेलं राहू शकतं. तुर्कीतल्या बऱ्याच शब्दांचं पातळ, गोधडी आणि पायपुसणं तिन्ही एकाच वेळी वापरात आहेत.

## नाकावर राजवाडा, घशात जहाजं

इस्तंबूलच्या नकाशावर एक टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. उस्मानी (ऑटोमन) सुलतानांचा तोपकापी राजवाडा त्याच टोकावर आहे. त्या जागेचं नाव सारायबुर्नु, शब्दशः 'राजवाड्याचं नाक'. 'बुरुन' म्हणजे नाक, आणि भूगोलात 'बुरुन' म्हणजे भूशिर. त्या टोकापाशी येऊन मिळणारी, युरोप आणि आशिया यांना वेगळं करणारी जी चिंचोळी सामुद्रधुनी, तिला तुर्क म्हणतात 'बोआझ', म्हणजे घसा. इस्तंबूलच्या नामांकित विद्यापीठाचं नाव बोआझिची, म्हणजे 'घशातलं'. डोंगराच्या पायथ्याला 'एतेक' म्हणतात. एतेक म्हणजे घागरा. आपण डोंगराला पाय दिले, त्यांनी त्याला घागरा नेसवला.

'बोआझ' आणखीही पुढे जातो. पोटापाण्याची चिंता म्हणजे तुर्कीत 'घशाचं दुःख'. पगार न घेता नुसत्या जेवणावर राबणं म्हणजे 'घसा भरेल एवढ्यावर' काम करणं. मराठीत याला 'पोटावारी' असा हुबेहूब शब्द आहे. अनुभव तोच, फक्त आपण बोट पोटावर ठेवलं आणि त्यांनी गळ्यावर.

सगळ्यात कामसू अवयव मात्र डोळा. 'ग्योझ' म्हणजे डोळा. तुर्की ही प्रत्यय जोडत जाणारी भाषा. एका धातूला किंवा नामाला मागून एकेक तुकडा लागत जातो आणि मूळ शब्द सहसा मोडत नाही. म्हणून ग्योझ, मग ग्योझल्युक म्हणजे चष्मा, ग्योझल्युकचु म्हणजे चष्मेवाला, आणि ग्योझल्युकचुल्युक म्हणजे चष्मे विकायचा धंदा. इथपर्यंत सरळ आहे. पण पुलाची कमान हाही ग्योझ, कपाटाचा खण हाही ग्योझ, आणि एका खोलीचं घर म्हणजे 'एका डोळ्याचं' घर. 'डोळ्यातला' म्हणजे लाडका. 'डोळ्याखाली' म्हणजे पोलीस कोठडीत. मर्जीतून उतरणं म्हणजे 'डोळ्यातून पडणं', आणि कशावर 'डोळा ठेवणं' म्हणजे अगदी आपल्याच अर्थाने डोळा ठेवणं.

मग दृष्ट लागते तेव्हाही ग्योझच लागत असेल? कधी कधी. पण त्यासाठी खास शब्द आहे 'नाझार', म्हणजे आपली 'नजर'. दारावर, गाडीत, बाळाच्या झबल्यावर दिसणारा तो निळा डोळा म्हणजे नाझारचा मणी. अरबीत या शब्दाचा अर्थ नुसतं पाहणं. मराठीत नजर चांगलीही असते, तीक्ष्णही असते, पारखीही असते, आणि लागतेही. तुर्कीत ती आता मुख्यतः लागण्यापुरतीच उरली आहे.

## एका चुलीचा पसारा

एकच शब्द निवडून तुर्की समजावून सांग म्हटलं तर मी 'ओजाक' निवडेन. ओजाक म्हणजे चूल. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीलाही आज ओजाकच म्हणतात.

चूल म्हणजे घर, घर म्हणजे कुटुंब. मराठीत भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली' म्हणतात, आणि एखादा पुढारी पक्षातून फुटला की त्याने वेगळी चूल मांडली अशी बातमी येते. तुर्कीतही तसंच. 'त्याची चूल विझली' म्हणजे वंश बुडाला. 'तुझ्या चुलीत येऊन पडलोय' म्हणजे तुला शरण आलोय, मला वाचव. एखाद्याचं घर उद्ध्वस्त करणं म्हणजे 'त्याच्या चुलीवर अंजिराचं झाड लावणं'. पडक्या, ओसाड घरांच्या भिंतींतून अंजीर उगवतं हे पाहिलेल्या माणसाने ही म्हण केली असणार. आपल्याकडे त्या जागी पिंपळ उगवला असता.

कुटुंबावरून शब्द संघटनेवर गेला. उस्मानी सुलतानांच्या प्रसिद्ध जानिसारी फौजेचं नाव होतं 'ओजाक'. १९१२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रवादी संघटना 'तुर्क ओजाक', म्हणजे तुर्कांची चूल. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पूर्वी 'आरोग्याची चूल'. सरकारी कचेरीत कोपऱ्यात जिथे चहा होतो ती 'चहाची चूल', आणि तिथल्या माणसाला साहेबांपेक्षा जास्त बातम्या ठाऊक असतात हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या बाजूने शब्द भट्टीकडे गेला. चुन्याची भट्टी ओजाक, दगडाची खाण ओजाक, कोळशाची खाणही ओजाक.

जानिसारींनी तर चुलीचं रूपक शेवटपर्यंत ओढलं. त्यांच्या तुकडीच्या अधिकाऱ्याचा हुद्दा होता 'चोरबाजी', म्हणजे शोरबावाला. सुलतान आम्हाला खाऊ घालतो, म्हणून आम्ही त्याचे, असा सगळा हिशोब होता. प्रत्येक तुकडीचा जेवणाचा भला मोठा हंडा, 'काझान', निशाणाइतकाच पवित्र. बंड करायचं ठरलं की हे लोक हंडा उचलून चौकात आणत. तुझं अन्न नको, म्हणजे तुझी सत्ताही नको. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२६ मध्ये ही फौज मोडून काढली. बंड करणं या अर्थाने 'हंडा उचलणं' मात्र तुर्कीत आजही रोजच्या वापरात आहे. फुटबॉल संघाचे खेळाडू प्रशिक्षकावर चिडले तरी बातमीत हंडा उचलला जातो.

आणि हाच ओजाक दिनदर्शिकेतही आहे. जानेवारी महिन्याचं तुर्की नाव ओजाक. ते तिथे कसं पोचलं ते थोडं पुढे सांगतो.

## दुःखाचा काळा वेगळा, रंगाचा काळा वेगळा

तुर्कीत काळ्या रंगाला दोन शब्द आहेत. 'कारा' हा अस्सल तुर्की, 'सियाह' हा फारसीतून आलेला, आपल्या 'शाई'चा जवळचा नातेवाईक. दोन्हींचा अर्थ काळा. मग दोन कशाला?

दुकानात जाऊन काळा शर्ट मागायचा तर सियाह. पण वाईट बातमी ही 'कारा' बातमी. अडीअडचणीला धावून येणारा मित्र हा 'कारा दिवसाचा दोस्त'. काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, सगळीकडे कारा. पांढऱ्याचंही तेच. रंगाचा पांढरा 'बेयाझ' हा अरबी, पण निष्कलंक माणसाचं कपाळ 'आक', म्हणजे तुर्की पांढरं. 'पांढरं नाणं काळ्या दिवसासाठी' या म्हणीत आक आणि कारा दोन्ही येतात. तिथे बेयाझ आणि सियाह घातले तर म्हण कोसळते.

लाल रंगात तर आपलाही एक धागा आहे. अस्सल तुर्की लाल म्हणजे 'कझल'. तो रेड क्रिसेंट संस्थेच्या तुर्की नावात आहे, आणि रशियाच्या लाल सेनेच्या नावातही. सिग्नलचा दिवा आणि मिरची मात्र 'कर्मझी'. ऐकल्यासारखं वाटतंय? आपला किरमिजी रंग तो हाच. झाडावरच्या एका किड्यापासून हा रंग काढत. फारसीत किडा म्हणजे 'किर्म', आणि संस्कृत 'कृमि' हा त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजी क्रिमझन त्याच घरातला. तुर्कीत किडा रोजचा लाल झाला, मराठीत तो एका खास छटेपुरता राहिला.

हा काही पोलादी नियम नव्हे. वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस तुर्कीत बेयाझच आहे, आणि शाळेतला फळा कारा. पण कल सरळ दिसतो. बाहेरून आलेला शब्द वस्तूचा रंग सांगतो आणि घरचा शब्द नशिबाचा. काळजाच्या बाबतीतही हीच वाटणी: 'काल्प' हे अरबी काळीज डॉक्टर तपासतो, 'युरेक' हे तुर्की काळीज छातीत असलं की माणूस शूर ठरतो, आणि 'ग्योन्युल' या तिसऱ्या शब्दावर प्रेम बसतं. स्वयंसेवक म्हणजे 'ग्योन्युलवाला', मनापासून आलेला. यकृतासाठी शब्द 'जिएर', म्हणजे आपलं जिगर. फुप्फुसाला ते म्हणतात 'पांढरं जिगर' आणि यकृताला 'काळं जिगर'.

## शब्द हद्दपार केले तेव्हा

आता मधला एक मोठा धक्का. उस्मानी दरबाराची लेखी भाषा अरबी-फारसी शब्दांनी इतकी भरलेली होती की अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, शेतकऱ्याला ती जवळजवळ परकीच होती. मुस्तफा कमाल अतातुर्क यांच्या सरकारने १ नोव्हेंबर १९२८ रोजी कायदा करून अरबी लिपी काढून रोमन लिपी आणली. १९३२ मध्ये भाषेसाठी संस्था स्थापन झाली. तिने जुने ग्रंथ आणि गावोगावच्या बोली चाळून 'शुद्ध तुर्की' शब्द गोळा करायला आणि नवे घडवायला सुरुवात केली. १९२७ मध्ये अतातुर्क यांनी सहा दिवस चालवलेलं ऐतिहासिक भाषण पुढच्या पिढ्यांसाठी नव्या तुर्कीत उतरवून घ्यावं लागलं. आपल्याच राष्ट्रपित्याचं भाषण आपल्याच भाषेत अनुवादित करायची वेळ क्वचितच कुणावर येते.

मला यात सगळ्यात रंजक वाटतं ते वेगळंच. शब्द गेले, पण त्यांच्या पोटातली कल्पना बहुतेक वेळा गेली नाही. पाणबुडीसाठी जुना शब्द होता 'ताहतेलबाहिर', अरबीत 'समुद्राखाली'. नवा केला 'देनिझाल्ती'. अर्थ? समुद्राखाली. अबोध मनासाठी जुना शब्द 'ताहतेश्शुउर', म्हणजे जाणिवेखाली. नवा 'बिलिंचाल्ती', म्हणजे जाणिवेखाली. विमान जुन्या भाषेत 'तय्यारे', उडणारं. नवं 'उचाक', तेही उडण्याच्या धातूवरूनच. कपडे बदलले, माणूस तोच.

आणि जानेवारी. जुनं नाव 'कानूनुसानी', म्हणजे दुसरा कानून. हा कायद्याचा कानून नव्हे. अरबीत 'कानून' या शब्दाचा शेगडी असाही अर्थ होतो. डिसेंबर-जानेवारी हे शेगडीचे महिने. १९४५ मध्ये कायद्याने चार महिन्यांची नावं बदलली तेव्हा जानेवारीला मिळालं ओजाक. अरबी शेगडी विझवून तिथे तुर्की चूल पेटवली. ऑक्टोबर झाला 'पेरणी', डिसेंबर झाला 'मधली फट'. नोव्हेंबरला मात्र 'कासिम' हे नाव मिळालं, जे अरबीच आहे. शुद्धीकरण करणाऱ्यांनाही रोजच्या बोलण्यात मुरलेला शब्द परका वाटत नाही, तो असा.

काही वेळा तर एक परका काढून दुसरा परका आला. 'शेरेफ' (म्हणजे मान; आपला शराफतीतला शरफ) या अरबी शब्दाच्या जागी 'ओनुर' आणला, आणि तो निघाला फ्रेंच. शाळेचा 'मेक्तेप' जाऊन 'ओकुल' आला. वाचण्याच्या तुर्की धातूवरून घडवलेला, पण फ्रेंच 'एकोल'च्या इतका जवळ की योगायोग म्हणणं कठीण. तरी हे शब्द आज मुलांच्या तोंडी आहेत आणि कुणाला खटकत नाहीत. संगणकासाठी १९६९ मध्ये आयदन क्योक्साल यांनी सुचवलेला 'बिल्गीसायार', म्हणजे 'माहिती मोजणारा', इतका पक्का बसला की इंग्रजी शब्द तिथे फिरकतही नाही. आपला 'संगणक' मात्र पाठ्यपुस्तकात राहिला आणि घरी कॉम्प्युटरच आला.

मराठी वाचकाला इथे राज्यव्यवहारकोश आठवेल. शिवाजी महाराजांच्या काळात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश. पुढे सावरकरांनी 'महापौर' दिला. पण मराठीत नवे शब्द जुन्यांच्या शेजारी येऊन बसले. तुर्कस्तानात लिपीच बदलल्यामुळे नव्या पिढीला जुना कागद वाचताच येईना, आणि मग जुना शब्द परत यायची वाटही बंद झाली.

## मग मराठीतले तुर्की शब्द कुठले?

आधी एक गैरसमज दूर करू. तुर्की आणि मराठी नात्यातल्या भाषा नाहीत. मराठीत शिरलेले तुर्की शब्द इस्तंबूलहून आलेले नाहीत. ते मध्य आशियातल्या तुर्की बोलींतून, उदाहरणार्थ बाबराची मातृभाषा चगताई हिच्यातून, आधी फारसीत गेले आणि फारसी दरबारांतून दख्खनेत उतरले. गोवळकोंड्याची कुतुबशाही स्थापन करणारा सुलतान कुली हा मूळचा 'काराकोयुनलू' टोळीचा. कारा म्हणजे काळा, कोयुन म्हणजे मेंढी: काळ्या मेंढ्यांवाले.

'चकमक' घ्या. तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे ठोकणं, आणि त्यावरून गारगोटी. आज तुर्कीत चाकमाक म्हणजे सिगारेटचा लायटर. वीज चमकली तरी तोच धातू, खिळा ठोकला तरी तोच, परीक्षेत नापास झाला तरी तोच, आणि एखाद्याच्या डोक्यात प्रकाश पडला तरी तोच. मराठीत तीच गारगोटी दोन फौजांमध्ये गेली आणि ठिणग्या उडाव्यात तशी छोटी लढाई झाली 'चकमक'. तुर्कीत हा अर्थ नाही. तो आपण दिला.

'कुर्निसात' हा त्याहून रंजक. मुळात 'कोरुनुश', दिसणं. बादशहासमोर हजर होणं, त्याच्या नजरेला पडणं, आणि मग त्या वेळी वाकून करायचा मुजरा. आजच्या तुर्कीत 'ग्योरुन्युश' म्हणजे नुसता देखावा, दिसण्याची ढब. 'ओर्दू' म्हणजे खानाची छावणी. तुर्कीत ती सेना झाली, आपल्याकडे त्या छावणीच्या बाजारातली भाषा झाली 'उर्दू'.

आणि तोफ. तुर्कीत 'तोप' म्हणजे चेंडू. गोल वस्तू, मग तोफेचा गोळा, मग तोफ. आजही फुटबॉल तोप आणि तोफही तोप. त्यावरून 'तोपचू' म्हणजे तोफ डागणारा गोलंदाज, आणि बोलीभाषेत फुटबॉलपटू. आता मराठीकडे या. आपल्या जुन्या कागदांतला 'गोलंदाज' म्हणजे गोळा फेकणारा, तोफखान्यातला शिपाई. आज तो वानखेडेवर धावत येऊन चेंडू टाकतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोफखान्याचा शिपाई मैदानावर आणला. एकीने फुटबॉलच्या, एकीने क्रिकेटच्या.

ज्या शब्दांनी दोन्ही भाषांत अरबी-फारसीतून प्रवेश केला त्यांच्याही वाटा फुटल्या आहेत. आपला मुसाफिर प्रवासी, त्यांचा 'मिसाफिर' घरी आलेला पाहुणा. आपली 'सोबत' म्हणजे संगत, त्यांची 'सोहबेत' म्हणजे गप्पा. आपला बाजार कुठल्याही वारी भरतो, त्यांचा 'पाझार' म्हणजे बाजारही आणि रविवारही, आणि सोमवार म्हणजे 'बाजाराच्या दुसऱ्या दिवशी'. फारसी 'हफ्त' म्हणजे सात. तुर्कीत 'हाफ्ता' साधा सात दिवसांचा आठवडा राहिला. आपण त्याचा आधी कर्जाचा हप्ता केला, आणि मग जो पावती न देता गोळा करतात तोही.

## मूळ अर्थ तोच खरा अर्थ ना?

हा आक्षेप हमखास येतो. शब्दाचं मूळ सापडलं की त्याचा 'खरा' अर्थ सापडला असं अनेकांना वाटतं. तुर्कीतला सकाळच्या नाश्त्याचा शब्द पाहा: 'काहवाल्ती'. काहवे म्हणजे कॉफी, आल्ती म्हणजे खाली. कॉफी घेण्याआधी पोटाला आधार म्हणून खायचं ते. सोळाव्या शतकात इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकानं आली आणि रिकाम्या पोटी कडक कॉफी झेपत नाही हेही कळलं. आज तुर्की नाश्त्याच्या टेबलावर चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, मध सगळं असतं, आणि प्यायला असतो चहा. कमरेत निमुळत्या काचेच्या पेल्यात, पेल्यामागून पेले. मूळ अर्थच खरा धरला तर लाखो लोक रोज सकाळी चुकीचा नाश्ता करतात असं म्हणावं लागेल.

शब्दाचा अर्थ ठरतो तो आज बोलणाऱ्यांमध्ये. व्युत्पत्ती सांगते ती फक्त तिथवर येण्याची वाट. कॉफीची ती जुनी सत्ता मात्र एका जागी अजून आहे. तपकिरी रंगाला तुर्कीत 'काहवेरेंगी' म्हणतात, कॉफीच्या रंगाचा.

## कुणी काहीही सांगेल, खरं कसं मानायचं?

रास्त शंका. आवाज जुळला की नातं जोडायचा मोह फार जुना आहे. उस्मानी काळात इस्तंबूलचं नाव 'इस्लामबोल', म्हणजे इस्लामने भरलेलं, असं लावलं जाई आणि नाण्यांवरही तसं कोरलं गेलं. अभ्यासकांच्या मते नाव ग्रीक आहे: 'एस्तिनपोली' अशा उच्चाराचा शब्दसमूह, अर्थ 'शहराकडे'. मुंबईला जायचं असताना आजूबाजूच्या गावातला माणूस जसा नुसता 'शहरात चाललोय' म्हणतो, तसं.

सरकारी पातळीवरची चूकही झाली. १९३६ च्या सुमारास व्हिएन्नातल्या एका भाषाभ्यासकाच्या कल्पनेवरून 'सूर्यभाषा सिद्धांत' उभा राहिला. आदिमानवाने सूर्याकडे पाहून काढलेला उद्गार तुर्की होता आणि जगातल्या सगळ्या भाषा त्यातून निघाल्या, असं त्याचं सार. शास्त्र म्हणून तो टिकण्यासारखा नव्हताच. पण त्याची एक व्यवहारी सोय झाली: सगळेच शब्द मूळचे तुर्की ठरले तर अरबी शब्द हाकलायची घाई उरत नाही. तेव्हाच्या टोकाच्या शुद्धीकरणाचा वेग त्याने मंदावला. १९३८ मध्ये अतातुर्क वारले आणि सिद्धांतही मागे पडला.

खऱ्या व्युत्पत्तीला पुरावा लागतो. शब्द कुठल्या शतकात, कुठल्या मजकुरात, कुठल्या अर्थाने आला आहे हे दाखवावं लागतं. ध्वनी बदलले असतील तर तोच बदल इतर शब्दांतही त्याच पद्धतीने झालेला दिसावा लागतो. तुर्की कुळासाठी असे पुरावे बरेच जुने आहेत. १०७० च्या दशकात महमूद काशगरीने बगदादेत अरबी वाचकांसाठी तुर्की शब्दांचा मोठा कोश लिहिला. त्याहून जुने म्हणजे मंगोलियातल्या ओर्खोन नदीच्या खोऱ्यातले शिलालेख. ते कुणाला वाचता येत नव्हते. १८९३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसन यांनी त्यांची लिपी उलगडली.

त्यातल्या इ.स. ७३२ च्या शिलालेखात बिल्गे कागान हा तुर्की राजा आपल्या धाकट्या भावाच्या, क्युल तेगिनच्या, मृत्यूबद्दल लिहितो: 'पाहणारे माझे डोळे जणू न पाहणारे झाले, जाणणारं माझं ज्ञान जणू न जाणणारं झालं.' मूळ वाक्यात डोळ्यासाठी शब्द आहे 'कोझ', पाहण्यासाठी 'कोर', आणि ज्ञानासाठी 'बिलिग'. पुढच्या शतकांत तुर्कीत शब्दारंभीचा 'क' अनेक ठिकाणी 'ग' झाला, म्हणून कोझचा झाला ग्योझ, आणि चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या पाटीवर तोच आहे. 'कोर' हा धातू मध्य आशियात कोरुनुश होऊन फारसीमार्गे रायगडाच्या दरबारात कुर्निसात म्हणून पोचला. आणि 'बिलिग'चा झाला 'बिल्गी', ज्याला १९६९ मध्ये मोजण्याचा धातू जोडून संगणकाचं नाव केलं.